विषय आणि प्रतिपाद्य : महाविद्यालयीन वाचन-लेखनाच्या पूर्वतयारीचा एक विचार

१

उच्च माध्यमिक परीक्षा उत्तीर्ण होऊन पदवीच्या पहिल्या वर्षात आलेल्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याच्या हाती इतिहासाच्या अथवा समाजशास्त्राच्या ग्रंथातील तीस पानांचे एक प्रकरण द्यावे, आणि वाचून झाल्यावर 'लेखकाचे म्हणणे काय?' असे त्याला विचारावे. बहुधा उत्तर येते ते असे : 'या प्रकरणात लेखकाने दुष्काळाविषयी माहिती दिली आहे.' हे उत्तर चुकीचे नाही. परंतु विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. दुष्काळ हा त्या प्रकरणाचा विषय झाला. त्या विषयासंबंधी लेखक जे सिद्ध करू पाहतो, ते त्याचे प्रतिपाद्य. विषय शीर्षकातच सापडतो. प्रतिपाद्य मात्र संपूर्ण प्रकरण वाचून, त्याची जुळणी पाहून शोधून काढावे लागते. महाविद्यालयीन शिक्षणाचा बराचसा भार या दुसऱ्या कामावर असतो, आणि नेमकी त्याचीच तयारी शाळेत झालेली नसते.

या उणिवेचे निदान सामान्यतः शब्दसंग्रहाच्या तोकडेपणात केले जाते. पारिभाषिक शब्द अवघड आहेत, म्हणून विद्यार्थ्याला ग्रंथ कळत नाही, असे समजले जाते. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर या अंगाने मोठे कार्य झाले, हे मान्य केलेच पाहिजे. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले. विविध ज्ञानशाखांचे परिभाषाकोश सिद्ध झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रकाशित झाला. शब्द निर्माण झाले, कोश निर्माण झाले. परंतु दुष्काळावरील ज्या प्रकरणाचा वर उल्लेख केला, त्यात एकही अवघड पारिभाषिक शब्द नसला तरी विद्यार्थ्याचे उत्तर तेच येते. अडचण शब्दाची नाही. वाचनाच्या सवयीची आहे.

ही सवय शाळेत कशी घडते, हे पाहण्यासाठी तेथील दोन नित्याचे प्रश्नप्रकार पुरेसे आहेत. पहिला, 'खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा.' या प्रश्नाचे उत्तर उताऱ्याच्या एखाद्या ओळीत तयार असते. ती ओळ हुडकून उतरवली की गुण मिळतात. संपूर्ण उतारा मिळून काय म्हणतो, असे तेथे सहसा विचारले जात नाही. दुसरा प्रकार निबंधाचा. 'पावसाळ्यातील एक दिवस', 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत', 'सूर्य उगवला नाही तर' अशा विषयांवर विद्यार्थी वर्षानुवर्षे लिहितो. या लेखनाने कल्पनाशक्तीला वाव मिळतो आणि भाषेला लालित्य येते, हे खरे. तथापि फाटक्या पुस्तकाच्या मनोगताला कोणी प्रतिवादी नसतो. तेथे कोणाचे मत खोडावयाचे नसते, पुरावा द्यावयाचा नसतो. वाचन म्हणजे ओळ शोधणे आणि लेखन म्हणजे भाषा सजवणे, अशी समजूत घेऊन विद्यार्थी महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर येतो, आणि तेथे त्याला बाजारातील गाइड हाच आधार वाटू लागतो.

२

प्रतिपाद्य शोधण्याची शिस्त भारतीय परंपरेला अपरिचित नव्हती. मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्यासाठी काही लिंगे, म्हणजे खुणा, सांगितल्या आहेत : उपक्रम आणि उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. उपक्रम व उपसंहार ही जोडी एक धरली म्हणजे ही लिंगे सहा होतात. मराठी वाचकासमोर ती ठळकपणे आली लोकमान्य टिळकांच्या 'गीतारहस्या'मुळे. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या सुमारास लिहिला गेलेला आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ आपल्या पहिल्याच प्रकरणात ही कसोटी वाचकाच्या हाती देतो, आणि मग तिच्या आधारे गीतेचे तात्पर्य कर्मयोगपर आहे असा पक्ष मांडतो. अर्जुन युद्धास नकार देतो येथे आरंभ, तो युद्धास सिद्ध होतो येथे शेवट, आणि मधून मधून युद्ध करण्याचा उपदेश पुन्हा पुन्हा येतो, असा त्या युक्तिवादाचा गाभा आहे.

टिळकांचा निष्कर्ष सर्वांनी मानला असे नाही. वेदान्ताच्या परंपरेत हीच लिंगे प्रमाण मानणारे, परंतु गीतेचा निवृत्तिपर अर्थ लावणारे पंडित पूर्वीही होते आणि नंतरही राहिले. अध्यापनाच्या दृष्टीने ही गोष्ट दोष नसून गुण आहे. कसोटी समान असल्यामुळे मतभेद कोठे आहे ते नेमके दाखवता येते : उपक्रम कोणता मानावा येथे, की अर्थवाद कशाला म्हणावे येथे. 'मला असे वाटते' आणि 'तुम्हाला तसे वाटते' या पातळीवरून वाद वर उचलण्याचे साधन त्यामुळे हाती येते.

या लिंगांचे आजच्या वर्गातील रूप पुढीलप्रमाणे सांगता येईल. उपक्रम-उपसंहार म्हणजे प्रकरणाचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद आधी वाचून त्यांची तुलना करणे. दोन्ही एकच गोष्ट सांगत असतील तर प्रतिपाद्याची दिशा मिळाली. सांगत नसतील तर विचार कोठे वळला, हा मधली पाने वाचण्याचा हेतू ठरतो. अभ्यास या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. आजच्या मराठीत अभ्यास म्हणजे अध्ययन. विद्यार्थी 'अभ्यास करतो' तेव्हा पुष्कळदा तो पुस्तकातील वाक्यांची आवृत्ती करीत असतो. मीमांसेतही अभ्यास म्हणजे आवृत्तीच. परंतु ती ग्रंथाने केलेली आवृत्ती. कोणते विधान ग्रंथ स्वतः पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या शब्दांत करतो, इकडे लक्ष देणे हा त्या लिंगाचा आशय आहे. पाठांतराकडून वाचनाकडे जाण्याचा मार्ग या एका शब्दाच्या दोन अर्थांमधून जातो.

अपूर्वता म्हणजे अन्य साधनाने न कळणारी, या ग्रंथानेच सांगितलेली गोष्ट. 'दुष्काळात लोकांचे हाल होतात' हे सर्वांना ठाऊक आहे; त्यासाठी ग्रंथ लिहिला गेला नसावा, असा तर्क वाचकाने केला पाहिजे. फल म्हणजे हे म्हणणे मान्य केल्यास त्यातून काय निष्पन्न होते. अर्थवाद म्हणजे स्तुती, निंदा, कथा, दृष्टान्त, म्हणजे मुख्य विधानाला बळ देणारा परंतु स्वतः मुख्य नसणारा मजकूर. विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत सर्वाधिक जागा अर्थवादच व्यापतो. कारण कथा आणि दृष्टान्त लक्षात राहतात, युक्तिवाद राहत नाही. उपपत्ती म्हणजे विधानाच्या समर्थनार्थ दिलेली युक्ती. विरुद्ध मताचे निराकरणही तीतच येते.

३

ही कसोटी तिच्या मूळ क्षेत्राबाहेर कितपत चालते, हे पाहण्यासाठी मुद्दाम शास्त्रप्रामाण्य नाकारणारा ग्रंथ घ्यावा. महात्मा जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. या ग्रंथात फुल्यांनी काय सांगितले आहे, असे विचारल्यास 'शेतकऱ्यांच्या दारिद्र्याचे वर्णन केले आहे' असे उत्तर येते. येथेही विषय सांगितला गेला, प्रतिपाद्य नव्हे.

उपक्रम पाहावा. उपोद्घाताच्या आरंभी आलेल्या सुप्रसिद्ध पद्यात फुले एका अभावातून दुसरा अभाव, त्यातून तिसरा, अशी साखळी जोडतात आणि सर्व अनर्थांचे मूळ अविद्येत आहे असे सांगतात. उपसंहार पाहावा. शेवटच्या प्रकरणात उपाय सांगताना शेतीसुधारणेच्या सूचनांबरोबर शेतकऱ्यांच्या शिक्षणाचा आग्रह धरलेला आहे. आरंभ आणि शेवट एकमेकांना जुळतात. मध्ये काय आहे? पहिल्या प्रकरणात धर्माच्या निमित्ताने जन्मापासून मरणापर्यंत शेतकऱ्याकडून होणारी वसुली. दुसऱ्यात गोऱ्या अधिकाऱ्यांची बेपर्वाई आणि त्यांच्या हाताखालील ब्राह्मण कामगारांचे कारस्थान. या दोन वसुल्या वरवर निराळ्या आहेत. तथापि दोन्ही ठिकाणी पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट एकच आहे : शेतकऱ्याला वाचता येत नाही, म्हणून त्याला फसवता येते. हा झाला अभ्यास. अपूर्वता आहे ती या दोन्ही वसुल्या एका कारणाखाली आणण्यात. चौथ्या प्रकरणातील शेतकऱ्याच्या घरादाराचे आणि कष्टांचे वर्णन अत्यंत प्रभावी आहे, आणि विद्यार्थ्याला तेवढेच आठवते. परंतु युक्तिवादातील त्याचे स्थान पाहता ते अर्थवादाच्या जागी आहे. त्याला अर्थवाद म्हटल्याने त्याचे मोल कमी होत नाही. ते कशासाठी आले आहे, हे कळते.

एवढे केल्यावर विद्यार्थी एक वाक्य लिहू शकतो : 'शेतकऱ्याचे दारिद्र्य हे दैवाचे किंवा केवळ जमिनीचे फल नसून, त्याला विद्येपासून दूर ठेवल्यामुळे धर्मसत्ता आणि राज्ययंत्रणा या दोघींनाही त्याची लूट करणे शक्य झाले, असे फुले प्रतिपादन करतात.' हे वाक्य गाइडातून उतरवून घेतलेले नाही. ते चूक आहे असे कोणास वाटले, तर त्याने ग्रंथातील कोणत्या भागाकडे बोट दाखवावे हेही ठरलेले आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. मीमांसेची साधने वेदवाक्यांचा अर्थ लावण्यासाठी घडली. ग्रंथ निर्दोष आणि एकमुखी आहे, असे त्यांत गृहीत आहे. आधुनिक वाचकाला ग्रंथातील विसंगती दाखवावयाची असते, ग्रंथ चुकला असे म्हणावयाचे असते. शिवाय ज्या विद्येचा अधिकार शतकानुशतके मोजक्यांनाच होता, तिची साधने फुल्यांच्या ग्रंथाला लावणे कितपत योग्य? आक्षेपाच्या पहिल्या भागाचे उत्तर असे की, तात्पर्यनिर्णय ही वाचनाची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. ग्रंथ काय म्हणतो हे ठरल्याशिवाय तो चुकला असे म्हणता येत नाही. आणि उपक्रम व उपसंहार जुळत नाहीत असे दिसले, तर तीच विसंगतीची पहिली खूण होय. दुसऱ्या भागाचे उत्तर फुल्यांच्या प्रतिपादनातच आहे. ज्या घरात ग्रंथ आहेत, वादविवाद चालतात, तेथील मुलाला विषय आणि प्रतिपाद्य यांतील भेद नकळत कळतो. ज्याच्या घरात शिक्षणाची ही पहिलीच पिढी आहे, त्याला तो कोणी उघड करून सांगितल्याशिवाय कळत नाही. साधन न सांगणे म्हणजे ते पूर्वी ज्यांच्याकडे होते त्यांच्याकडेच राहू देणे होय.

४

प्रतिपाद्य सापडल्यानंतरची अडचण लेखनाची आहे, आणि तिचे मूळ 'हे कोण म्हणते?' या प्रश्नाच्या दुर्लक्षात आहे. शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडला जातो, मग त्याचे खंडन, मग सिद्धान्त. पूर्वपक्षालाच ग्रंथकाराचे मत समजणे ही नवशिक्याची नेहमीची चूक. आजच्या विद्यार्थ्याचीही तीच होते : ग्रंथकाराने खोडून काढण्यासाठी उद्धृत केलेले मत तो ग्रंथकाराच्या नावावर घालतो. लिहितानाही तो सर्व विधाने एकाच पातळीवर, कोणाचीच नसल्यासारखी, एकापुढे एक ठेवतो.

मराठी गद्याला या प्रश्नाचे भान फार जुने आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा संकलित केल्या, त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून. पुढे चक्रधरांची वचने सूत्रपाठात स्वतंत्रपणे एकत्र केली गेली. आणि प्रसंगावाचून सूत्राचा अर्थ निसटतो हे जाणून महानुभावीय अभ्यासकांनी कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले ते सांगणारे 'प्रकरणवश' तयार केले. वचन, ते उच्चारणारा आणि त्याचा प्रसंग ही तिन्ही एकत्र ठेवण्याची ही दक्षता आहे. विरामचिन्हांचा वापर मराठीत एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. त्यापूर्वीच्या गद्यात कोणाचे बोलणे कोठे संपते हे अवतरणचिन्हांनी नव्हे, तर 'म्हणितले', 'ऐसे', 'म्हणौनि' यांसारख्या शब्दांनी कळत असे. ही साधने भाषेतच आहेत. ती वर्गात दाखवून द्यावी लागतात, इतकेच.

उदाहरणार्थ, पुढील चार वाक्ये फळ्यावर लिहावीत. 'दुष्काळ पडला आणि गाव ओस पडले.' 'दुष्काळ पडला म्हणून गाव ओस पडले.' 'दुष्काळामुळेच गाव ओस पडले.' 'दुष्काळामुळे गाव ओस पडले, असे सरकारी अहवाल म्हणतो.' पहिल्या वाक्यात दोन घटनांचा क्रम आहे. त्यासाठी दोन तारखांचा पुरावा पुरे. दुसऱ्यात कार्यकारणभाव आहे; त्याला अधिक पुरावा लागतो. तिसऱ्यातील एका 'च'ने अन्य सर्व कारणे नाकारली. साथ, कर्ज, सावकार यांपैकी काहीही नव्हते, हे आता लिहिणाऱ्याने सिद्ध करावयाचे आहे. चौथ्यात कार्यकारणाची जबाबदारी अहवालावर गेली आणि लेखक त्यापासून अलग राहिला. एका अक्षराने किती ओझे वाढते, हे विद्यार्थ्याला येथे व्याकरणाच्या व्याख्येवाचून दिसते.

क्रियापदांचेही असेच आहे. ग्रंथकार 'म्हणतो', 'मानतो', 'सुचवतो', 'गृहीत धरतो', 'नाकारतो' आणि 'दाखवून देतो' ही क्रियापदे परस्परांच्या जागी घालण्यासारखी नाहीत. 'दाखवून देतो' असे लिहिणाऱ्याने ग्रंथकाराचे म्हणणे स्वतःही मान्य केलेले असते. 'गृहीत धरतो' असे लिहिणारा त्या म्हणण्याकडे संशयाने पाहतो. याउलट 'असे मानले जाते', 'असे दिसून येते' या कर्त्यावाचूनच्या रचना विद्वत्तेचा आभास निर्माण करतात आणि मानणारा कोण, पाहणारा कोण, हे झाकून टाकतात. प्रौढ ग्रंथलेखनातही हा दोष विपुल आढळतो. विद्यार्थी तो तेथूनच उचलतो.

५

यावरून पहिल्या सत्रासाठी चार पायऱ्यांचा पाठ सुचवता येईल. पहिली पायरी एका वाक्याची : नेमलेले प्रकरण वाचून 'अमुक विषयासंबंधी लेखक असे प्रतिपादन करतो की...' हे वाक्य पूर्ण करणे, आणि त्याखाली ते कोणत्या लिंगांवरून ठरवले हे नोंदणे. दुसरी, पुस्तक मिटवून दीडशे शब्दांत सारांश लिहिणे. पुस्तक उघडे असले की वाक्ये उतरतात. मिटले की विचाराची जुळणी आठवावी लागते. ग्रंथ इंग्रजी असेल तेव्हा ही पायरी विशेष उपयुक्त ठरते, कारण शब्दशः भाषांतराचा मोह टळून तात्पर्य मराठीत आणावे लागते. तिसरी, एकाच प्रश्नावर मतभेद असलेल्या दोन लेखकांना एका परिच्छेदात समोरासमोर आणणे, आणि मतभेद नेमका कोठे आहे ते सांगणे. चौथी, स्वतःचे मत मांडणे. पण त्याआधी पूर्वपक्ष इतक्या प्रामाणिकपणे लिहिणे, की तो मानणाऱ्याने 'होय, माझे म्हणणे हेच' असे कबूल करावे.

तपासणीचा क्रमही यानुसार बदलावा लागेल. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. लेखनात एकवाक्यता हवी, यात वाद नाही. परंतु पुष्कळशा वह्यांत शिक्षकाची लाल शाई ऱ्हस्व-दीर्घांवरच संपते, आणि संपूर्ण उत्तरात एकही प्रतिपाद्य नाही ही गोष्ट निसटून जाते. अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी बोलत वाढलेल्या विद्यार्थ्याला अशा वेळी आपली भाषाच सदोष आहे असे वाटते. वास्तविक त्याच्या विचारात काय उणे आहे आणि काय चांगले आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. प्रथम म्हणणे तपासावे, मग त्याची जुळणी, आणि लेखननियम शेवटी. विद्यार्थ्याने नियम शिकलेच पाहिजेत, परंतु कोणते तरी म्हणणे नीट पोहोचवण्याचे साधन म्हणून.

हा विचार मराठीपुरता मर्यादित राहण्याचे कारण नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या शेवटच्या अधिकरणात ग्रंथरचनेच्या ३२ तंत्रयुक्ती सांगितलेल्या आहेत. तमिळमधील तोल्काप्पियम् या प्राचीन व्याकरणग्रंथातही ३२ 'उत्ती' येतात. ग्रंथ कसा रचावा आणि कसा उलगडावा, याची चर्चा भारतीय भाषांनी आपापल्या परीने केलेली आहे. प्रत्येक भाषेच्या प्राध्यापकांनी आपल्या भाषेतील अव्यये, उद्धरणाच्या रीती आणि खंडनमंडनाचे संकेत यांची अशी वर्गोपयोगी मांडणी केली, तर ती परस्परांना उपकारक ठरेल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये उच्च शिक्षणात भारतीय भाषांच्या माध्यमाला उत्तेजन देण्याचे ठरवले, आणि २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु माध्यम म्हणून भाषा मिळणे निराळे आणि त्या भाषेत युक्तिवाद वाचता-लिहिता येणे निराळे. शेतकऱ्याच्या घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या मुलीने 'असूड' वाचून, तो शेतकऱ्याच्या दारिद्र्याविषयी आहे एवढेच सांगून थांबू नये. फुले काय म्हणतात, कशावरून म्हणतात, आणि तिला त्यातील काय पटत नाही, हे तिने स्वतःच्या वाक्यात लिहावे. पहिल्या वर्षाच्या अखेरीस तिला असे एक पान लिहिता आले, तर महाविद्यालयीन शिक्षणाची पूर्वतयारी झाली असे समजण्यास हरकत नाही.